म्बाह सेत्रोंचा खरा ठोका

माझे सासरे डाव्या कानानं बहिरे होते आणि उजव्या कानानं हट्टी. डावा कान केंतोंगाननं खाल्ला. आमच्या वातुलेगी गावात चावडीसमोर चिंचेच्या फांदीला माणसाच्या उंचीचं फणसाचं खोड टांगलेलं असे, आतून पोकळ आणि पुढून उभी चीर पाडलेलं. हेच ते केंतोंगान. त्यावर दांड्यानं ठोका द्यायचा मान पन्नासहून जास्त वर्षं त्यांचा होता. खोड डाव्या हाताला ठेवून उभं राहायची त्यांची सवय, त्यापायी तो कान गेला. त्यांना न आवडणारं काही सांगायचं असलं की सासूबाई मुद्दाम डाव्या बाजूला बसून सांगायच्या. "उद्या सांगितलं नाही म्हणायला नको," असं वर आम्हाला ऐकवायच्या.

म्बाह म्हणजे आजोबा. पण सेत्रोंना लोक तिशीपासूनच म्बाह म्हणत, कारण त्यांचा चेहराच तसा होता. हसले तरी कुणाला कळत नसे. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात खोडावर कोळ्याचं जाळं दिसलं म्हणून मी खराट्याचं टोक लावलं, तर एवढे खेकसले की चावडीतली माणसं बाहेर आली. बाईचा हात लागला की खोड मुकं होतं, म्हणे. मी तोंडाची फटकळ. विचारलं, मग सासूबाईंनी दर महिन्याला पुसायचं फडकं शिवून दिलंय, ते कसं चालतं? तेव्हा त्यांनी डावा कान माझ्याकडे केला.

ठोक्यांची भाषा गावात शेंबड्या पोरालाही यायची. तीन-तीन म्हणजे आग. न थांबता घाईघाईनं म्हणजे संकट, हातातलं टाकून पळा. आणि एक ठोका, मग एक पुरा श्वास, मग परत एक ठोका, असं हळू चाललं की कुणीतरी गेलं. तो ऐकला की शेतातला माणूस कुदळ खांद्यावर टाकून निघायचा, बाई चुलीवरचं उतरवून ओंजळभर तांदूळ ओढणीत बांधून निघायची. कोण गेलं हे आधी विचारायचं नसतं. आधी निघायचं, आणि दारात पोचल्यावर विचारायचं. आमच्याकडची ही रीत आहे आणि ती कुणी शिकवावी लागत नाही.

सेत्रोंच्या तरुणपणी तापाची मोठी साथ आली होती. एका महिन्यात त्यांनी एकेचाळीस जणांचा ठोका दिला. शेवटी शेवटी यायला माणूसच उरलं नव्हतं, घरोघरी सगळे फणफणलेले. तरी हे रोज चिंचेखाली उभे. कुणासाठी ठोकता, असं सासूबाईंनी विचारलं, तर म्हणाले, जो गेला त्याच्यासाठी. ठोका मिळाला नाही तर माणूस धड गेलाच नाही असं आम्ही मानतो. सेत्रोंनी गावात एकालाही तसं ठेवलं नाही, याचा त्यांना मनातून मोठा अभिमान होता.

मग अठ्ठेचाळीसचा तो डिसेंबर आला. डचांनी आकाशातून सैनिक उतरवून राजधानी घेतली, आणि आमची लढणारी माणसं डोंगरात पांगली. आमच्या वाट्याला आले कॅप्टन प्रतिक्तो. तीसेक माणसं, अकरा बंदुका, आणि स्वतः कॅप्टन म्हणजे सत्तावीस वर्षांचा शाळामास्तर, चष्म्याची एक काडी सुतळीनं बांधलेली. गावानं त्यांना कधी कॅप्टन म्हटलंच नाही. आम्ही गुरुजी म्हणायचो. पहिल्या दिवशी ते आधी गावातल्या म्हाताऱ्यांकडे गेले, खाली बसले आणि राहायची परवानगी मागितली. त्यांच्या एका शिपायानं न विचारता कोंबडी उचलली, तर ती त्यालाच परत द्यायला लावली, आणि वर त्या घरचं पाणी आठ दिवस भरायला लावलं. रोज संध्याकाळी माणसं ओळीनं बसवून प्रत्येकाचे तळपाय स्वतः बघायचे, कुठं जखम आहे, कुठं काटा आहे. जेवायला सगळ्यांत शेवटी बसायचे. आमचं जेवण म्हणजे वाळवलेला कसावा, साबुदाण्याचा तो कंद, कांडून वाफवलेली तिवुल, तीही कधीकधी त्यांच्यापर्यंत पोचायची नाही. माझा नवरा जुमादी त्यांच्यात जाऊन गोळ्यांच्या पेट्या वाहायला लागला होता. घरी आला की गुरुजी असं म्हणाले आणि गुरुजी तसं म्हणाले, दुसरी गोष्ट नाही. मी म्हटलं, लग्न त्यांच्याशीच करायचं होतंस.

सगळ्यात मोठी अडचण होती इशाऱ्याची. डचांची तुकडी पूर्वेच्या सडकेनं वर यायला लागली की जंगलातल्या आपल्या माणसांना कळवायचं कसं? घाईचा ठोका दिला तर तो डचांनाही कळतो. पलीकडच्या खोऱ्यात अशाच ठोक्यानंतर डचांनी चावडी जाळली होती. तेव्हा गुरुजींनी शक्कल काढली. तुकडी दिसली की मरणाचा ठोका द्यायचा. माणसं काय रोजच मरतात, त्यात शत्रूला कसला संशय येणार? आमच्या गावानं दिला की पुढच्या गावानं उचलायचा, असा सात गावांतून तो सागाच्या जंगलापर्यंत आणि पुढं बाजारगावापर्यंत जायचा, आणि माणसांनी पश्चिमेच्या घळीत उतरायचं.

पण त्यासाठी एक नियम करावा लागला. लढाई संपेपर्यंत खऱ्या मयताला ठोका नाही. चावडीसमोर उभं राहून, चष्मा वर सरकवत गुरुजींनी सांगितलं की चुकीचा ठोका देईल त्याला गोळी घातली जाईल. म्बाह सेत्रोंनी एकच विचारलं, आणि खरंच कुणी गेलं तर?

"मनातल्या मनात ठोका, म्बाह," गुरुजी म्हणाले. चारजण हसले. सेत्रो हसले नाहीत, पण ते हसले असते तरी कळलं नसतं.

युक्ती उत्तम होती, हे मी आजही म्हणेन. तीनदा तुकडी वर आली आणि तीनदा तिला नुसती चुलीची राख सापडली. जुमादी जिवंत राहिला तो त्या ठोक्यांमुळे. पण त्याच दिवसांत आमचे शेजारी कार्सो आजोबा गेले. चौघांनी उचलून गुपचूप पुरले. ओढ्यापलीकडं राहणाऱ्या त्यांच्या सख्ख्या बहिणीला चौथ्या दिवशी बाजारात कळलं. ती तिथंच भाजीच्या पाटीशेजारी बसली आणि उठेना. सासूबाईंनी ते पाहिलं. घरी आल्या आणि सेत्रोंच्या शेजारी बसल्या, या वेळी उजव्या बाजूला.

"मला असं चोरून नेऊ नका," म्हणाल्या.

सेत्रोंनी विडी पेटवली, ती विझली, ती परत पेटवली नाही.

फेब्रुवारीत सासूबाईंना ताप भरला. सहा दिवस अंगात राहिला. सातव्या दिवशी ऊन नुकतंच अंगणात आलं होतं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे चहा मागितला. चहा कुठला, भाजलेल्या मक्याचं पाणी होतं ते. माडाच्या गुळाचा खडा मात्र होता. तो तोंडात धरून एक घोट घेतला आणि गूळ चांगला आहे म्हणाल्या. दुसरा घोट घेतलाच नाही.

सेत्रो थोडा वेळ त्यांच्या पायाशी बसले. मग उठून शेजाऱ्याला टेकडीवर पाठवलं, पूर्वेची सडक बघून ये म्हणून. तो येऊन म्हणाला, कुत्रंसुद्धा नाही. मग ते खांद्यावर पंचा टाकून चिंचेकडे चालायला लागले. माझ्या लक्षात आलं तशी मी मागं धावले. म्हटलं, अहो, गुरुजींचा नियम आहे, गोळी घालतील. त्यांनी चालता चालता डावा कान माझ्याकडे केला.

एक ठोका. एक श्वास. परत एक ठोका.

पुढच्या गावानं उचलला. मग त्याच्या पुढच्या. डोंगरांवरून तो लांब लांब जाताना ऐकू येत होता. आमच्या गावात मात्र गोंधळ उडाला. अर्धी माणसं शेळ्या हाकत घळीकडे निघाली, अर्धी तांदूळ बांधून आमच्या दाराकडे, आणि वाटेत एकमेकांना तुम्ही उलटे चाललात म्हणून सांगायला लागली. मी मध्येच जाऊन सेत्रोंचा हात धरला आणि ओरडले, तेव्हा ते थांबले. एवढी ओरडले मी सासऱ्यावर, आणि त्या दिवशी मला कुणी काही म्हटलं नाही.

आम्हाला ठाऊक नव्हतं ते असं. गुरुजींची माणसं दोन दिवस दोन रात्री खालच्या मोठ्या सडकेच्या वळणावर गवतात दबा धरून पडली होती. शहराकडून दारूगोळ्याचे सहा ट्रक येणार होते. हे गुरुजींनी कुणाला सांगितलं नव्हतं, सेत्रोंनाही नाही. सेत्रोंचा हिशेब एवढाच होता की सडक मोकळी आहे, जंगलातली माणसं एकदा उगाच पळतील, दम खातील आणि परत येतील. पहिला ट्रक वळणावर दिसला आणि तेवढ्यात डोंगरावरून ठोका आला. तुकडी पाठीमागून येते असं समजून गुरुजींनी हात वर केला, माणसं मागं सरली आणि घळीकडे पळाली. सहा ट्रक आरामात निघून गेले. तुकडी कुठंच नव्हती.

दुपारपर्यंत ठोका कुठल्या गावानं सुरू केला ते त्यांना कळलं. आम्ही सासूबाईंना आंघोळ घालून, कफनात गुंडाळून, जुमादीची वाट बघत थांबलो होतो. तिरडी अंगणात तयार होती. आधी सार्जंट दार्मोजी आत आला, हातात बंदूक. आठच दिवसांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ मारला गेला होता आणि त्या ट्रकांवर त्यानं फार आशा ठेवली होती. मागून गुरुजी, आणि सगळ्यात मागं चिखलानं माखलेला जुमादी. तो आधी बापाकडे बघत होता, बापानं हे काय केलं म्हणून. मग त्याला तिरडी दिसली. मग तो अंगणातली तोंडं एकेक करून बघायला लागला, घरातलं कोण कमी आहे ते. मी म्हटलं, "कांग, आई." त्याला कांग म्हणजे दादा म्हणायची मी, आमच्याकडे बायका नवऱ्याला तसंच म्हणतात.

गुरुजींनी सेत्रोंना विचारलं, "विसरलात का, म्बाह?"

मला त्या क्षणी वाटलं की देवा, हो म्हणू देत. म्हातारा माणूस, चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप चालले, एवढं म्हणायची वाट त्यांना करून दिली होती गुरुजींनी. सेत्रोंना ती दिसली नाही असं नाही.

"नाही," ते म्हणाले. "आठवत होतं."

"मग का ठोकलंत?"

"ती गेली होती."

दार्मोजी पुढं आला. "खोटा ठोका दिलाय यानं, कॅप्टन. तीस माणसं, दोन दिवस, सहा ट्रक. नियम तुमचा आहे. आज सोडलंत तर उद्या कुणी ऐकणार नाही."

सेत्रोंनी मान हलवली, जणू दार्मोजीचं त्यांना पटलंच होतं. "पुरून झालं की घाला गोळी," म्हणाले. "तोवर थांबा, एवढंच."

गुरुजींनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसत राहिले. सगळं अंगण त्यांच्याकडे बघत होतं, त्यांची माणसं आणि आमची. दार्मोजी म्हणत होता ते खोटं नव्हतं, हे मलाही समजत होतं. अकरा बंदुकांवर तीस माणसं धरून ठेवायची तर शब्द पाळावा लागतो. मग गुरुजी जुमादीकडे वळले.

"ठोका ऐकलास तेव्हा तू काय केलंस?"

"घळीकडे पळालो."

"कोण गेलं असेल असं मनात आलं?"

"नाही," जुमादी म्हणाला. "आपला इशारा वाटला."

गुरुजी दार्मोजीला म्हणाले, "ऐकलंस? आईच्या मरणाचा ठोका ऐकला आणि हा पोरगा आईकडे पाठ करून पळाला. हे मी शिकवलं त्याला. ठोका खोटा नव्हता, दार्मोजी. बाई गेलीय. खोटं मी सांगितलेलं होतं."

आणि मग हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, म्हणाले की सडकेवर दबा धरल्याचं म्बाहना सांगायला हवं होतं, आणि मनातल्या मनात ठोका असं म्हणायला नको होतं. खिशातून शाळेच्या वहीचं पान काढलं. गुडघ्यावर ठेवून लिहिलं. ते दार्मोजीच्या हातात देऊन म्हणाले, हे आजच वरच्या मेजरसाहेबांकडे पोचलं पाहिजे. "तूच ने. तुझ्याइतका राग कुणाला नाही, म्हणजे वाटेत हरवणार नाही." दार्मोजी कागद घेऊन गेला. गुरुजींनी कंबरेचं पिस्तूल काढून ओट्यावर ठेवलं आणि तिरडीचा एक दांडा खांद्यावर घेतला.

तिरडी उचलून धरली की घरच्यांनी तिच्याखालून तीनदा वाकून जायचं असतं. जुमादी आणि मी गेलो. तिसऱ्यांदा जाताना तो खालीच थांबला. गुरुजी आणि बाकीचे तिघे खांदा न हलवता उभे राहिले, तो बाहेर येईपर्यंत. निघताना गुरुजींनी विचारलं, ठोका पुरा झाला होता का? सेत्रो म्हणाले, नाही, अर्ध्यावर सुनेनं आरडाओरडा केला.

"मग पुरा करा," गुरुजी म्हणाले. "आज आम्ही सगळे इथंच आहोत. पळायला कुणी उरलेलं नाही."

म्हणून माझ्या सासूबाई चोरून गेल्या नाहीत. सबंध वाटभर ठोका चालला होता. ज्यांनी शेळ्या घळीत नेल्या होत्या तीही माणसं येऊन मिळाली, दोनचार शेळ्यांसकट. गुरुजींचे उपकार मी कुठं आणि कसे फेडू, हे मला अजून कळलेलं नाही.

पण इशाऱ्याचा प्रश्न राहिलाच. दुसऱ्या दिवशी गुरुजी आमच्या अंगणात म्हाताऱ्यांना घेऊन बसले. मरणाचा ठोका आता मयताचाच राहील, दुसरं काहीतरी शोधा, म्हणाले. कुणी शिंगाचं सांगितलं, कुणी झाडावर कपडा बांधायचं. मी मागं उखळावर कसावा कांडत होते. आमचं उखळ म्हणजे लाकडाची लांब होडी, तीनचार बायका समोरासमोर उभ्या राहून मुसळं चालवतात आणि कंटाळा आला की काठावर ताल धरतात. ते ओढ्यापलीकडं ऐकू जातं. मी कांडता कांडता बोलले, "आम्ही रोज इथं ठणठण करतो, ते कधी कुणी ऐकलंय का?"

पुरुषांपैकी एकानं मला गप्प बसायला सांगितलं. गुरुजींनी त्याला गप्प बसायला सांगितलं. मग ते सेत्रोंकडे बघायला लागले, ताल हा त्यांचा प्रांत म्हणून. सेत्रोंनी विडी विझवली.

"बाईमाणूस कांडतंय म्हटल्यावर डच मान वळवून बघणारसुद्धा नाही," ते म्हणाले. "आम्हीच कुठं बघतो."

सासऱ्यांनी माझी बाजू घेतल्याची ती पहिली वेळ. मग त्यांनीच ताल बसवून दिला. रोजचा साधा ताल तसाच, फक्त चौथ्या घावाला एक मुसळ काठावर पडायचं. आम्हा बायकांना ते दोन दिवसांत आलं. त्यानंतरचे पाच महिने आमच्या सात गावांचं पहारा-खातं उखळावर होतं. एकदा तर तुकडी अंगणातून पाणी पिऊन गेली आणि मी त्यांच्यासमोर कांडत होते. एकजण उभा राहून कौतुकानं बघत होता. जुमादी तेव्हा घळीत उतरत होता.

लढाई संपली. गुरुजी त्यांची माणसं घेऊन गेले, जाताना प्रत्येक घरी जाऊन निरोप घेतला. सासूबाईंना जाऊन हजार दिवस झाले, त्याचं रीतीचं जेवण आम्ही घातलं तेव्हा ते परत आले. सायकलवर, साध्या सदऱ्यात. बाजारगावच्या शाळेत मास्तर झालो म्हणाले. सैन्यात का राहिला नाहीत, असं जुमादीनं विचारलं, तर म्हणाले, पाय दुखायचे. इतरांचे पाय तपासणाऱ्या माणसानं हे सांगावं याचं आम्हाला हसू आलं.

दार्मोजीही आला होता. तो आता सैन्यात बऱ्याच वर चढला होता. मागच्या अंगणात मी भांडी काढत होते तिथं येऊन उभा राहिला. मी त्याच्याशी कधी धड बोलले नव्हते. तोच म्हणाला की ते पत्र उघडंच होतं आणि वाटेत त्यानं ते दहादा वाचलं होतं. चुकीचा आदेश देणारा, प्रतिक्तो. चुकीचा इशारा ज्याच्यामुळे गेला तो, प्रतिक्तो. सेत्रोंचं नाव त्यात कुठंच नव्हतं, आमच्या गावाचंही नव्हतं. मेजरनं त्यांची तुकडी काढून घेतली नाही, कारण द्यायला दुसरा माणूस नव्हता. पण लढाई संपल्यावर सैन्यात कुणाला ठेवायचं याच्या याद्या झाल्या तेव्हा तो कागद वर आला, आणि नाव खोडलं गेलं.

"मी फाडून टाकू शकलो असतो," दार्मोजी म्हणाला. "तेव्हा फाडला नाही. आज फाडला असता." आणि मला एक पातेलं उचलून दिलं.

मी आत जाऊन सेत्रोंना सांगितलं. उजव्या कानात. जेवणाच्या वेळी भाताचा मोठा शंकू मधोमध ठेवला. त्याचं टोक कापून सगळ्यांत मानाच्या माणसाला द्यायचं असतं, आणि त्या दिवशी ते सेत्रोंचं होतं, कारण दिवस त्यांच्या बायकोचा. सेत्रोंनी टोक कापलं, केळीच्या पानावर घेतलं, उठले आणि दोन्ही हातांनी गुरुजींच्या पुढं धरलं. साठीच्या वरच्या माणसानं तिशीच्या माणसापुढं वाकायचं नसतं. सेत्रो वाकले. गुरुजींना कळलं की आम्हाला कळलंय. चष्मा पुसायला लागले.

पुढं दोघं दरवर्षी एकदा भेटायचे. फारसं बोलायचे नाहीत. एकदा गुरुजी गमतीनं म्हणाले, तुमची वेळ आली की कळवा, म्बाह. सेत्रो म्हणाले, कळेल.

ती वेळ आली चौसष्ट साली, पेरणीच्या दिवसांत. जुमादी लाकूड घेऊन शहराला गेला होता. दोन दिवस आधीच सेत्रोंनी मला उशाजवळ बोलावलं आणि खोडाचा दांडा माझ्या हातात दिला. मी म्हटलं, बाईचा हात लागला की मुकं होतं ना? म्हणाले, "उखळावर वाजवलंस ते सात गावांनी ऐकलं. खोड काही तुला लाजणार नाही." आणि मग म्हणाले की श्वास पुरा घे, घाई करू नकोस, तुला सगळ्यात घाई. शेवटचं शिकवणं, तेही खेकसूनच.

सकाळी ते गेल्यावर मी चिंचेखाली उभी राहिले. खोड डाव्या हाताला. पहिला ठोका हलका पडला. दुसरा बरा पडला. एक ठोका, एक श्वास. मरणाचा ठोका एरवी शेजारच्या गावात थांबतो, फार तर त्याच्या पुढच्या. त्या दिवशी कुणीच थांबवला नाही. एकामागून एक सातही गावं ऐकू आली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

दुपार व्हायच्या आत चढावर सायकल दिसली. शेवटचा चढ गुरुजी सायकल ढकलत चढत होते, सदरा घामानं चिकटलेला, बोटांना खडू तसाच. अर्धा धडा फळ्यावर टाकून, ठोका ज्या दिशेनं आला ती धरून निघाले होते. सायकल चिंचेला टेकवली, दारात आले. एवढा वेळ ते कुणाकडे निघाले होते हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली आणि खड्डा चालला होता तिकडे गेले.